भरकटलेल्या विश्वासी भावंडांना सौम्यतेने सावरावे कसे?

पाऊलवाट (धागाकर्ती)

प्रभूमध्ये सर्वांना नमस्कार. जाणत्या मंडळींचे मत हवे आहे, म्हणून हा धागा काढते आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण तपशील कळल्याशिवाय कोणी सल्ला देऊ शकणार नाही.

आमच्या शास्त्राभ्यासाच्या गटात एक ताई आहेत. त्या वयाने माझ्यापेक्षा मोठ्या आहेत, आणि प्रार्थनेत किंवा सेवेत कोणाच्याही मागे नाहीत. गेल्या काही काळापासून त्या एका प्रचारकाचे संदेश रोज ऐकतात. त्या शिकवणीचा गाभा असा : ख्रिस्ताने वधस्तंभावर पापांबरोबर आजारही वाहून नेले, त्यामुळे खऱ्या विश्वासणाऱ्याच्या शरीरात आजार राहूच शकत नाही, तो राहिलाच, तर कोठेतरी लपवलेले पाप आहे किंवा विश्वास तोकडा पडला आहे, आणि विश्वास तोकडा नाही हे दाखवायचे असेल, तर त्या सेवाकार्याला दान द्यावे, ज्याला तेथे ‘विश्वासाचे बी’ म्हणतात. ताई रक्तदाबाच्या गोळ्या आता दिवसाआड घेतात. रोज गोळी घेणे म्हणजे तोंडाने कबूल केलेले आरोग्य स्वतःच्या हाताने नाकारणे, असे त्यांच्या मनात बसले आहे.

त्यांनी मला आपली वही मोठ्या उत्साहाने दाखवली. सुवाच्य अक्षर, प्रत्येक वचनाखाली तांबडी रेघ. याकोबाच्या पाचव्या अध्यायातले पंधरावे वचन होते, पण ‘विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील’ एवढाच तुकडा. त्याच्या आधीचे, मंडळीच्या वडिलांना बोलावण्याविषयीचे वचन नव्हते आणि नंतरचे, एकमेकांजवळ पापे कबूल करण्याविषयीचेही नव्हते. योहानाच्या तिसऱ्या पत्रातले दुसरे वचन होते, जे खरे तर पत्राच्या आरंभी गायस या मित्राला दिलेल्या शुभेच्छा आहेत, पण वहीत त्यावर ‘अभिवचन’ असे लिहिले होते. मलाखी ३:१० (दशमांश आणा, म्हणजे देव आशीर्वादाचा वर्षाव करील) आणि मार्क ११:२४ (प्रार्थनेत जे मागाल ते मिळालेच आहे असा विश्वास धरा) तर होतेच. त्या पानावर शास्त्राबाहेरचा एकही शब्द नव्हता, आणि मला बोलणे अवघड झाले ते त्यामुळेच.

गटात दोन मते आहेत. काहींना वाटते की हे विष पसरण्याआधी ताईंना गटातून दूर करावे. काहींना वाटते की आपण केवळ प्रार्थना करावी, वादात पडू नये. मला दोन्ही पटत नाही. ही शिकवण चुकीची आहे की नाही हा या धाग्याचा विषय नाही, ती चुकीची आहे हे मी धरून चालते. जी व्यक्ती मनापासून प्रभूवर प्रीती करते आणि तरीही फसली आहे, तिच्याशी बोलायचे कसे, एवढाच माझा प्रश्न आहे.

स्पष्टवक्ता

आपला हेतू चांगला आहे, परंतु सौम्यतेचे आज जरा जास्तच कौतुक होते, असे माझे प्रामाणिक मत आहे. प्रेषित पौलाने गलतीकरांना, म्हणजे गलतीया प्रांतातल्या मंडळ्यांना, लिहिताना, आम्ही किंवा स्वर्गातला देवदूतही वेगळी सुवार्ता सांगू लागला तर तो शापभ्रष्ट असो, असे एकदा सांगून तेच लगेच दुसऱ्यांदा सांगितले आहे. योहानाने तर ख्रिस्ताच्या शिकवणीत न राहणाऱ्याला घरात घेऊ नका, त्याचे क्षेमकुशलही विचारू नका, असे बजावले. तीताला लिहिलेल्या पत्रात तट पाडणाऱ्याला एकदोनदा बोध करून मग दूर ठेवण्याची आज्ञा आहे. औषधे सोडायला लावणाऱ्या शिकवणीपुढे आपण शब्द तोलत बसलो, तर उद्या त्याचा हिशेब आपल्याला द्यावा लागेल.

शास्त्राभ्यासी

स्पष्टवक्ता यांनी दाखवलेली तिन्ही वचने महत्त्वाची आहेत आणि ती बाजूला सारून कोणतीही सौम्यता शास्त्राला धरून राहणार नाही. मात्र ती कोणाला उद्देशून आहेत, हे पाहिले पाहिजे. गलतीकरांच्या पत्रातला शाप आहे तो वेगळी सुवार्ता सांगणाऱ्यांवर. योहानाच्या दुसऱ्या पत्रात दाराशी आलेला माणूस ती शिकवण घेऊन फिरणारा आहे, घराघरांत ती पेरणारा आहे. तीताच्या पत्रातला माणूस फूट पाडणारा आहे. या ताई वहीत वचने उतरवून घेणाऱ्या आहेत. फसवणारा आणि फसलेला या दोघांना एकाच मापाने मोजले, की आपण फसलेल्याला फसवणाऱ्याच्या पदराखाली ढकलतो. कारण मग त्याला जवळ करणारे तेवढेच एक ठिकाण उरते.

आता गलतीकरांचेच पत्र पुढे वाचू. जे फसले, त्यांच्याशी पौल कसा बोलतो? तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी तो त्यांना सरळ ‘बुद्धिहीन’ म्हणतो, हे मी लपवणार नाही. पण चौथ्या अध्यायात तो त्यांना मुलांनो म्हणून हाक मारतो, तुमच्यासाठी मला पुन्हा प्रसूतिवेदना होत आहेत असे लिहितो, आणि मी शरीराने दुर्बळ असताना तुम्ही मला कसे स्वीकारले होते याची आठवण करून देतो. कठोर शब्दाला जी जवळीक लागते ती त्याच्यापाशी होती. ज्यांच्यासाठी आपण कधी अशी कळ सोसली नाही, त्यांना ‘बुद्धिहीन’ म्हणण्याचा अधिकार आपण पौलाकडून उसना आणू शकत नाही. आणि हेच पत्र सहाव्या अध्यायाच्या पहिल्या वचनात सांगते की कोणी अपराधात सापडला, तर जे आध्यात्मिक आहेत त्यांनी त्याला सौम्य वृत्तीने ताळ्यावर आणावे, आणि तसे करताना स्वतःकडेही लक्ष द्यावे. शाप आणि सौम्यता एकाच लेखकाने एकाच पत्रात लिहिली आहे, तेव्हा त्यांतले एक निवडून दुसरे सोडण्याची मुभा आपल्याला नाही.

तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायाचा शेवट याही पुढे जातो. तेथे प्रभूच्या दासाने भांडू नये, सर्वांशी सौम्य असावे, शिकवण्यात निपुण आणि सहनशील असावे, आणि विरोध करणाऱ्यांनाही सौम्यतेने शिक्षण द्यावे, असे सांगितले आहे. त्यामागचे कारणही तेथेच दिले आहे : पश्चात्तापाची बुद्धी देणारा देव आहे. तो आपले काम करील, तेथे आपण धसमुसळेपणाने मध्ये येऊ नये. मला नेहमी वाटते की ज्याचा आवाज चढतो, त्याला बहुधा हे सारे आपल्याच युक्तिवादावर अवलंबून आहे असे वाटत असते.

नमुना हवा असेल तर प्रेषितांच्या कृत्यांतील अठराव्या अध्यायाचा शेवट पाहावा. अपुल्लोस हा आलेक्सांद्रियाचा, वक्तृत्वसंपन्न, शास्त्रात प्रवीण. इफिस येथील सभास्थानात तो धैर्याने बोलत होता, परंतु त्याला केवळ योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. श्रोत्यांत प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला हे तंबू बनवणारे जोडपे बसले होते. त्यांनी सभेत उठून त्याला अडवले नाही. त्यांनी त्याला आपल्याजवळ घेतले आणि देवाचा मार्ग अधिक नेमकेपणाने समजावून सांगितला. त्याचा परिणाम तेथेच लिहिला आहे : तो अखया प्रांतात गेला तेव्हा तेथील विश्वासणाऱ्यांना त्याचे मोठे साहाय्य झाले. भर सभेत त्याचा पाणउतारा झाला असता, तर इतका बुद्धिमान माणूस आपल्या अर्ध्या ज्ञानाच्या बचावातच गुंतून पडला असता, असा माझा तर्क आहे.

स्पष्टवक्ता

मग अंत्युखियाचे काय? तेथे पौलाने केफाला, म्हणजे पेत्राला, सर्वांसमोर तोंडावर अडवले.

शास्त्राभ्यासी

अडवले, आणि योग्यच केले. पण केफा हा मंडळीचा आधारस्तंभ मानला जाणारा प्रेषित होता. त्याचे वागणे सर्वांसमोर घडले होते, विदेशी विश्वासणाऱ्यांच्या पंगतीतून तो उठून गेला होता आणि त्याच्या मागे पौलाचा सहकारी बर्णबासुद्धा वाहवत गेला होता. जखम सर्वांसमोर झाली होती, म्हणून उपचारही सर्वांसमोर झाला. उद्या तो प्रचारक आपल्या मंडळीच्या व्यासपीठावर येऊन हेच सांगू लागला, तर पाळकांनी उठून त्याला तेथेच थांबवावे, असे मीच म्हणेन. ताईंनी मात्र जे केले ते स्वतःच्या वहीत केले आहे. त्यांच्यासाठी मत्तय अठरामधली पहिली पायरी आहे, जी दोघांनी एकांतात बोलण्याची आहे, आणि आपल्याकडे नेमकी तीच वगळून दुसरीवर किंवा तिसरीवर उडी मारली जाते.

मीठ आणि प्रकाश

मी रुग्णसेवेत आहे, म्हणून एका गोष्टीपुरते बोलते. वचनांवरची चर्चा महिनोन्‌महिने चालू शकते, गोळ्यांचा प्रश्न तेवढा थांबू शकत नाही. रक्तदाबाची काही औषधे एकाएकी बंद केली, तर रक्तदाब आधीपेक्षाही वर उसळतो. आणि रक्तदाब वाढलेला असताना पुष्कळांना काहीच जाणवत नाही, त्यामुळे ‘मला तर छान वाटते आहे’ हे वाक्य बरे झाल्याचा पुरावा म्हणून साक्षीत सांगितले जाते. पक्षाघात होईपर्यंत ते खोटे ठरवायला काही नसते.

म्हणून या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढाव्यात, असे मी सुचवते. ताईंनी आज प्रचारकाला सोडावे असा आग्रह धरू नका, पण आज रक्तदाब मोजून घ्यावा असा आग्रह अवश्य धरा. ‘प्रभूने बरे केले असेल तर यंत्रावरचा आकडाही तेच सांगेल, आणि औषध कमी करायचे की नाही ते डॉक्टर ठरवतील’, असे म्हटले तर त्यात त्यांच्या विश्वासाचा अपमान होत नाही. येशूने शुद्ध केलेल्या कुष्ठरोग्यालाही याजकाकडे जाऊन स्वतःला दाखवायला सांगितले होते. तपासणी म्हणजे अविश्वास, हा विचार शुभवर्तमानांत मला तरी कोठे दिसत नाही. आणि घरच्यांना हे ठाऊक नसेल, तर घरातल्या निदान एका माणसाला ते ठाऊक झाले पाहिजे. जिवाशी खेळ चालला असेल तेथे गुप्तता पाळू नये. यहूदाच्या पत्रात काहींवर दया करण्याची आणि काहींना अग्नीतून ओढून काढण्याची आज्ञा शेजारीशेजारी आहे. येथे ताईंच्या मनाला दयेची गरज आहे आणि गोळ्यांच्या बाबतीत ओढून काढण्याची.

तळटीप

एक लहानशी विनंती. ताईंना त्या प्रचारकाचे खंडन करणारी दीड तासाची चित्रफीत पाठवू नये. त्या ती पाहणार नाहीत, उत्तरादाखल दोन तासांची पाठवतील, आणि ती तुम्हीही पाहणार नाही.

धाकटी

धागा वाचून धीर आला, म्हणून माझाही प्रश्न विचारते. आमच्या घरी आई अशा संदेशांत गुंतली आहे, पण तिचा विषय वेगळा आहे : प्रभूच्या येण्याची तारीख. बातम्यांतली प्रत्येक घटना प्रकटीकरणातल्या कोणत्या ना कोणत्या वचनाशी जोडली जाते, आणि मी काही विचारले की ‘तू झोपेत आहेस’ असे उत्तर मिळते. ती माझी आई आहे, मला प्रार्थना करायला तिनेच शिकवले. मी तिला काय आणि कोणत्या तोंडाने शिकवू?

शास्त्राभ्यासी

बाळ, तुझ्यासाठी तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय आहे. तरुण तीमथ्याला मंडळीत शिकवण्याचा अधिकार दिलेला होता, आणि तरीही पौल त्याला सांगतो की वडील माणसाला टाकून बोलू नकोस, बापासमान मानून बोध कर, आणि वडील स्त्रियांना मातांसमान मान. म्हणजे वय लहान असले तरी बोध करण्याचे कर्तव्य सुटत नाही, मात्र तो करताना मुलगी हे नाते सुटू द्यायचे नाही. तू शिकवू नकोस, विचार. ‘आई, मार्क १३:३२ मध्ये त्या दिवसाविषयी व त्या घटकेविषयी पित्याशिवाय कोणालाही, पुत्रालाही ठाऊक नाही असे म्हटले आहे, मग या गृहस्थांना ते कसे कळले?’ एवढेच विचार आणि उत्तराची खरोखर वाट पाहा. प्रश्न विचारून झाल्यावर आपणच त्याचे उत्तर देऊन टाकण्याची खोड फार वाईट.

प्रवासी

तारखांचा विषय निघाला म्हणून लिहितो. विल्यम मिलर या अमेरिकन बाप्टिस्ट उपदेशकाने दानिएलाच्या ग्रंथावरून गणित मांडले होते, आणि त्याच्या अनुयायांनी शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. काहींनी शेतातले पीकही काढले नव्हते. दुसरा दिवस उजाडला, आणि ती घटना पुढे ‘महानिराशा’ या नावानेच इतिहासात नोंदली गेली. आपल्या काळात हॅरॉल्ड कॅम्पिंग यांनी रेडिओवरून २१ मे २०११ ही तारीख जाहीर केली; ती टळल्यावर २१ ऑक्टोबर सांगितली; तीही टळली. मार्च २०१२ मध्ये मात्र त्यांनी, तारीख सांगणे हे आपले पाप होते, असे जाहीरपणे लिहिले, ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवायला हवी. धाकटी यांनी हा इतिहास आईंना सांगावा, पण खिजवण्याच्या सुरात सांगू नये. त्या लोकांपैकी बहुतेक जण भाबडे असतील, पण ढोंगी नव्हते. ते प्रभूच्या भेटीला आसुसलेले होते, आणि ती आस चुकीची नव्हती.

येथून मी मूळ प्रश्नाकडे येतो. माझे थोरले बंधू बरीच वर्षे अशाच एका गटात होते, जेथे एक ‘संदेष्टा’ प्रत्येकाच्या नोकरीचा, लग्नाचा, घर बदलण्याचा निर्णय सांगत असे. आमच्या घरातल्यांनी त्यांच्याशी वचनांवरून पुष्कळ वाद घातले. ते एकही वाद हरले नाहीत, कारण त्यांची उत्तरे पाठ होती. पण त्या गटात कोणीतरी दर आठवड्याला त्यांना नावाने हाक मारून विचारत असे की, ‘तुमच्यासाठी काय प्रार्थना करू?’ आमच्या जुन्या मंडळीत त्यांना असे कोणी विचारले नव्हते. पुढे एका वयस्कर पाळकांनी त्यांच्याकडे जाणे सुरू केले. ते संदेष्ट्याविषयी चकार शब्द काढत नसत, बंधूंबरोबर योहानाचे शुभवर्तमान आरंभापासून सलग वाचत. सलग, हे महत्त्वाचे. तुकडे तोडून वचने वापरणाऱ्या शिकवणीला संपूर्ण अध्याय वाचण्याची सवय फार जड जाते. नवव्या अध्यायात जन्मांध माणसाविषयी शिष्य विचारतात की, पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी, आणि येशू दोन्ही नाकारतो. तेथे बंधू थांबले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत, असे त्या पाळकांनी नंतर आम्हाला सांगितले. संदेष्ट्याने त्यांच्या मुलाच्या आजाराचे खापर त्यांच्याच माथी फोडले होते, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

म्हणून ताईंना आधी हे विचारावे : हे संदेश ऐकायला लागलात त्याआधी काय चालले होते? कोणाचे आजारपण, कोणाचा मृत्यू, पैशांची ओढ, एकटेपणा, काहीतरी असणारच. खोटी शिकवण बहुधा एखाद्या खऱ्या दुःखाला हात घालून आत येते. ते दुःख तसेच ठेवून केवळ शिकवण काढून घेतली, तर रिकाम्या जागी दुसरा प्रचारक येऊन बसेल.

शास्त्राभ्यासी

प्रवासी यांच्या लिहिण्याला इतिहासातून एक दाखला जोडतो. संत ऑगस्टिन तरुणपणी सुमारे नऊ वर्षे मानीच्या पंथात, म्हणजे प्रकाश आणि अंधार अशी दोन मूळ तत्त्वे मानणाऱ्या पंथात, होते. त्यांची आई मोनिका एका बिशपांकडे गेली आणि आपल्या मुलाशी वाद घालून त्याला वळवा म्हणून विनवू लागली. त्या बिशपांनी नकार दिला. हा मुलगा अजून शिकण्याच्या मनःस्थितीत नाही, नव्या मताच्या कैफात आहे. त्याला राहू द्या, त्याच्यासाठी प्रार्थना करा, वाचता वाचता त्यालाच चूक उमगेल, असे ते म्हणाले. ते स्वतः लहानपणी त्याच पंथात वाढले होते आणि त्या पंथाचे ग्रंथ वाचून व हाताने उतरवून शेवटी आपणहून बाहेर पडले होते. मोनिका रडू लागली आणि हट्ट सोडीना, तेव्हा काहीसे वैतागून ते म्हणाले की, इतक्या अश्रूंचा मुलगा नाश पावणे शक्य नाही. पुढे मिलानमध्ये ऑगस्टिन यांना बिशप अँब्रोज भेटले. ऑगस्टिन लिहितात की त्यांच्यावर माझे प्रेम जडले ते प्रथम सत्याचे शिक्षक म्हणून नव्हे, तर ते माझ्याशी मायेने वागले म्हणून. ३८७ मध्ये अँब्रोज यांच्याच हातून त्यांचा बाप्तिस्मा झाला. नंतर मानीपंथीयांच्या खंडनासाठी लेखणी उचलली तेव्हा ऑगस्टिन यांनी आरंभीच असे म्हटले की, सत्य किती कष्टाने सापडते हे ज्यांना माहीत नाही, त्यांनी तुमच्यावर खुशाल आग पाखडावी. मला ते जमणार नाही.

स्पष्टवक्ता

दाखला उत्तम आहे, पण तो अर्धा आहे. ह्याच ऑगस्टिन यांनी पुढे डोनॅटसपंथीयांच्या, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या मंडळीतून फुटून निघालेल्या गटाच्या, बाबतीत राजसत्तेच्या बळाचे समर्थन केले. ४०५ मध्ये सम्राट होनोरियस याने त्या पंथाविरुद्ध हुकूम काढला, आणि त्याने पुष्कळ लोक मंडळीत परतले हे पाहून ऑगस्टिन यांचे मत बदलले.

शास्त्राभ्यासी

खरे आहे, आणि मी ते लपवणार नव्हतो, फक्त विषय लांबेल म्हणून थांबलो होतो. त्यांच्या त्या समर्थनाचा आधार घेऊन नंतरच्या शतकांत किती जुलूम झाला, हेही आपण जाणतो. मला तरुणपणी फसलेल्या ऑगस्टिन यांची साक्ष अधिक मोलाची वाटते. तो माणूस आतून बोलतो आहे.

स्पष्टवक्ता

ठीक. ताईंशी एकांतात आणि मायेने बोलावे, हे मी मान्य करतो. पण गटातल्या इतरांचे काय? ताई त्यांना ते संदेश पाठवत असणारच. एका मेंढराची समजूत काढत असताना बाकीची उघड्यावर सोडायची का? आणि दुसरे, सारेच मतभेद ‘खोटी शिकवण’ म्हणून हाताळणारे लोकही मी पाहिले आहेत, तेव्हा ती रेघ कोठे ओढायची हेही कोणीतरी सांगावे.

शास्त्राभ्यासी

दोन्ही प्रश्न योग्य आहेत. रेघेविषयी थोडक्यात सांगतो : रोमकरांच्या पत्राचा चौदावा अध्याय खाण्यापिण्याविषयी आणि दिवस पाळण्याविषयी मतभेद असणाऱ्यांना एकमेकांचा स्वीकार करायला सांगतो. बालबाप्तिस्मा की प्रौढ बाप्तिस्मा, अन्य भाषांचे दान आज आहे की नाही, प्रभुभोजन किती वेळा, यांवर प्रामाणिक मंडळ्यांत शतकानुशतके मतभेद आहेत, आणि त्यावरून कोणाला ‘सावरायला’ जाणे हा उद्धटपणा आहे. येशू कोण आहे, तो आपल्या पापांसाठी मेला आणि उठला का, तारण कृपेने आहे की आपल्या कमाईने, या ठिकाणी बोट ठेवणारी शिकवण मात्र निराळी. ताईंच्या बाबतीत ती रेघ ओलांडलेली आहे, कारण तेथे देवाची कृपा दानाच्या रकमेला बांधली गेली आहे आणि दुखणाइताच्या उशाशी दोषारोप ठेवला गेला आहे. निर्दोष असूनही संकटांत आणि आजारात सापडलेल्या ईयोबाच्या मित्रांनी तेच केले. पहिले सात दिवस ते त्याच्याजवळ मुकाट्याने जमिनीवर बसले होते, तोपर्यंत सारे ठीक होते. मग त्यांनी तोंड उघडले, आणि शेवटी देवाने त्यांनाच सुनावले की, तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत.

गटाविषयी म्हणाल तर पाळकांनी किंवा अभ्यास घेणाऱ्यांनी आजार आणि विश्वास या विषयावर दोनतीन पाठ सरळ शिकवावेत. त्यात ताईंचे नाव नको, प्रचारकाचे नाव नको, आणि ताईंकडे वळणाऱ्या नजरा तर मुळीच नकोत. ताईंशी एकांतात बोलणे होण्याआधी हे पाठ सुरू करू नयेत, नाहीतर त्यांना वाटेल की व्यासपीठावरून आपल्यालाच दगड मारले जात आहेत. बिरुयातील लोक पौलाचे बोलणेसुद्धा दररोज शास्त्राशी ताडून पाहत आणि लूकाने त्याबद्दल त्यांना थोर मनाचे म्हटले. हीच सवय गटाला लागली तर एकेका प्रचारकाचे खंडन करत बसावे लागणार नाही.

पाऊलवाट

सर्वांची मनापासून ऋणी आहे. मीठ आणि प्रकाश यांनी सुचवल्याप्रमाणे प्रथम ताईंच्या मुलाशी बोलले. त्याला गोळ्यांचे काहीच ठाऊक नव्हते. मग ताईंना भेटले आणि प्रवासी यांचा प्रश्न विचारला. मला वाटले होते त्यापेक्षा उत्तर फार जवळचे निघाले. त्यांची धाकटी बहीण कर्करोगाने गेली तेव्हा गटातून अंत्यविधीला आम्ही सारे गेलो होतो, पण पुढच्या आठवड्यापासून कोणी तो विषयच काढला नाही. ‘मी कमी प्रार्थना केली का, हे मला कोणाला विचारताही येईना’, असे त्या म्हणाल्या. त्या प्रचारकाने निदान उत्तर तरी दिले होते, भले ते क्रूर असो.

त्या दिवशी मी एकही वचन उघडले नाही. आता पुढच्या भेटीत काय वाचावे, हे सांगाल का? त्यांनी स्वतःच ‘वहीतली वचने घेऊन बसू’ असे म्हटले आहे.

शास्त्राभ्यासी

फार चांगले झाले. मग त्यांच्याच वहीतून आरंभ करा, म्हणजे विषय तुम्ही आणलेला राहणार नाही. याकोबाचा पाचवा अध्याय तेराव्या वचनापासून शेवटपर्यंत वाचा. देव आजही बरे करतो, हे तेथे स्पष्ट आहे आणि ते ठामपणे मान्य करा. मत्तय ८:१७ मध्ये ‘त्याने आमचे रोग वाहिले’ या अर्थाचे यशयाचे वचन येशूने केलेल्या रोगमुक्तीला लावले आहे, तेही नाकारू नका. आपण बरे होण्याच्या विरोधात आहोत असे त्यांना एकदा वाटले, की पुढचे काही ऐकू येणार नाही.

पुढे केव्हातरी, सावकाश, फिलिप्पैकरांच्या दुसऱ्या अध्यायातला एपफ्रदीत वाचा. तो मरणाच्या दारी पोहोचेपर्यंत आजारी होता आणि तोही प्रभूच्या कामापायी. पौल त्याच्यावर अविश्वासाचा ठपका ठेवत नाही. अशांचा मान राखा, असे सांगतो. त्रफिम या सहकाऱ्याला पौलाने मिलेतात आजारीच सोडले. तीमथ्याला पोटासाठी आणि वारंवार होणाऱ्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला. स्वतः पौलाच्या शरीरातला काटा तीनदा विनवूनही निघाला नाही आणि उत्तर मिळाले ते ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ असे. लूक तर वैद्यच होता, आणि पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. हे सारे एका बैठकीत ओतू नका. एका भेटीला एक माणूस पुरे, आणि बहुधा एपफ्रदीताच्या ठिकाणी ताईंना आपली बहीण दिसेल, तेव्हा त्यानंतर दुसरे काही वाचायची घाई नको.

मीठ आणि प्रकाश

रक्तदाब मोजला का?

पाऊलवाट

मोजला. मुलगाच घेऊन गेला होता. आकडा बराच वर होता आणि डॉक्टरांनी गोळी रोज घ्यायला सांगितली आहे. ताईंनी ते ऐकले, पण संदेश ऐकणे सोडलेले नाही, आणि मी तसे सुचवलेलेही नाही. शुक्रवारी आम्ही दोघी याकोब वाचणार आहोत. गटातल्या आणखी एका भगिनींना बरोबर घेऊ का, असे मी विचारले तेव्हा त्यांनी ‘आत्ता नको’ म्हटले, म्हणून सध्या दोघीच.